गाडी रॅम्पवर, होकार कुणाचा?

मागच्या अंकात टायमिंग चेनबद्दल लिहिताना शेवटी सहज म्हणून गेलो, की वाढीव वॉरंटीवर, म्हणजे मूळ मुदत संपल्यावर पैसे भरून मिळणाऱ्या हमीवर, सही करण्याआधी एक पत्र टाका. टाकलीत की हो तुम्ही. सतरा पत्रं आली आणि त्यातल्या बारांचा सूर एकच : शोरूमची घ्यायची की बाहेरची?

नव्या वाचकांसाठी ओळख सांगतो. महामार्गाकडेच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये मी सत्तावीस वर्षं होतो. आधी रॅम्पखाली, मग सर्व्हिस ॲडव्हायझर, आणि शेवटची अकरा वर्षं वॉरंटीच्या टेबलावर. क्लेम मंजूर झाला की परत आला, हे गाडीच्या मालकाआधी मला कळायचं. आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथ आणि गॅरेजच्या वस्तीत, भाच्याच्या गॅरेजमध्ये सकाळी दहा ते एक बसतो. सल्ल्याचे पैसे घेत नाही. चहाचे भाचा देतो.

प्रश्न : काका, माझी एएमटी हॅचबॅक आहे, पेट्रोल. दोन महिन्यांनी तीन वर्षं पुरी होतील, ५२ हजार किलोमीटर झालेत. राहते राजारामपुरीत, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं. शोरूमनं दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी २१,८०० रुपयांना सांगितली. त्याच आठवड्यात एका वॉरंटी कंपनीचा फोन आला : तीन वर्षं, १४,५०० रुपये, "मॅडम, बंपर टू बंपर". त्यांचा कागद सोबत जोडलाय. बाबा म्हणतात दोन्ही नको, उद्यमनगरात सगळं होतंय. मी काय करू? (राजारामपुरी)

उत्तर : आधी बाबांचं बघू, कारण ते निम्मे बरोबर आहेत. सिलिंडर हेडचं फेसिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, बुश प्रेस करणं, यातलं काय हवं ते उद्यमनगरात होतं आणि रास्त दरात होतं. पार्ट मिळत नाही म्हटलं तर "नमुना आणा, करून देतो" म्हणणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. पण तुमच्या गाडीत मोठ्या खर्चाच्या जागा आता त्या राहिल्या नाहीत. एएमटी म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर बसवलेला एक यांत्रिक हात. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तुमच्याऐवजी तो करतो. त्या हाताला आम्ही ॲक्च्युएटर म्हणतो. मग स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर, ब्रेकच्या एबीएसचं मॉड्यूल, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. यातलं काही लेथवर चढत नाही. बिघडलं की बहुतेक वेळा बदलायचं, आणि बदललं की नव्या पार्टची गाडीशी ओळख करून द्यायला स्कॅनर जोडायचा. बाबांच्या पहिल्या गाडीला वॉरंटी म्हणजे चोचले होते. तुमच्या गाडीला हिशेब मांडून बघण्याइतकी तरी ती कामाची आहे.

आता तुमचा कागद. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा भिंगातून. "बंपर टू बंपर" हा शब्द विम्यातला, पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणाऱ्या झीरो डेप पॉलिसीला लोक तसं म्हणतात. या कागदात खुद्द बंपरच धरलेला नाही! पहिल्या पानावर इंजिन, गिअरबॉक्स, एसी, स्टिअरिंग असं सगळं ठळक छापलंय आणि चौथ्या पानावर बारीक अक्षरात "फक्त खालील यादीतले भाग" असं आहे. यादीत ॲक्च्युएटर आहे, हे त्यांच्या बाजूनं मान्य करू. पण चौथ्या वर्षी पार्टवर २० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, पाचव्या वर्षापासून ३० टक्के. मजुरी वर्कशॉपच्या नव्हे, त्यांच्या दरपत्रकानं. दर क्लेमला तुमचा वाटा १,०००. एका क्लेमला कमाल ४०,०००, तीन वर्षांत मिळून १ लाख. पहिले तीस दिवस क्लेमच नाही.

समजा पाचव्या वर्षी ॲक्च्युएटर गेला. भाच्याकडं गेल्या महिन्यात अशाच एका गाडीचं एस्टिमेट आलं होतं, तेच आकडे घेतो. पार्ट ३८,०००, मजुरी ६,०००, एकूण ४४,०००. घसारा जाऊन पार्टचे मिळणार २६,६००. मजुरी त्यांच्या दरानं २,५००. त्यातून तुमचा हजार वजा. हातात २८,१००, खिशातून १५,९००. दोन वॉरंट्यांच्या किमतीत फरक होता ७,३०० रुपयांचा. तो एका क्लेममध्ये संपला आणि वर ८,६०० गेले. सहावं वर्ष जास्तीचं मिळतंय हे खरं, पण ते त्याच घसाऱ्यासकट मिळतंय.

पैशाचं हे झालं. पण टेबलावर अकरा वर्षं बसून मला जे कळलं ते आकड्यात मावत नाही. गाडी रॅम्पवर चढली, खोलली, बिघाड सापडला. आता "करा" असं कोण म्हणणार? कंपनीच्या वॉरंटीत मालकानं जॉब कार्डावर सही केली की त्याचं काम संपलं. पुढचं सगळं माझ्या टेबलावर. चॅसी नंबर टाकून सर्व्हिसचा इतिहास बघायचा, स्कॅनचा रिपोर्ट आणि फोटो जोडायचे, मोठा खर्च असेल तर कंपनीच्या इंजिनिअरची परवानगी आणायची. जुना पार्ट फेकायचा नाही. त्याला टॅग बांधून जाळीच्या खोलीत ठेवायचा. मग कंपनीचा माणूस येऊन तो उलटापालटा करून बघणार. आमचा क्लेम चुकीचा ठरला तर पैसे वर्कशॉपच्या खात्यातून कापले जाणार. मी काही वेळा त्या माणसाशी तासतासभर भांडलोय. एकदा तर एका अल्टरनेटरवरून त्यानं आणलेला ढोकळाही मी परत केला होता. मालकाला यातलं काही माहीत नसायचं. तो संध्याकाळी यायचा, गाडी घेऊन जायचा. तुम्ही २१,८०० मोजता त्यातले निम्मे तरी या भांडणाचे आहेत, जे तुमच्या गैरहजेरीत होतं.

बाहेरच्या वॉरंटीत तेच भांडण तुमच्या फोनवर येतं. वर्कशॉप म्हणतं, आम्हाला पैसे कोण देणार ते सांगा, मग पार्ट मागवतो. वॉरंटी कंपनी म्हणते, आधी खोलून फोटो पाठवा. खोलायची मजुरी कुणी द्यायची? क्लेम मंजूर झाला तर ते, नाही झाला तर तुम्ही. सर्व्हेअर पुण्याहून येणार असेल तर गुरुवारी गेलेली गाडी सोमवारपर्यंत तशीच उघडी, आणि तुम्ही रिक्षानं गोकुळ शिरगावला.

कंपनीची वॉरंटी म्हणजे देवमाणूस, असं समजू नका. "वेअर अँड टेअर" हा शिक्का मीच किती कार्डांवर मारलाय. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट, फिल्टर, टायर हे त्यांच्याकडंही नाही. तुमच्या एएमटीची क्लच प्लेट गगनबावड्याच्या घाटात, चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवल्यानं जळाली, तर दोन्हीकडून हात वर. सर्व्हिस दोन महिने उशिरा केली असेल तरी खुसपट निघतं. पण एक गोष्ट बाहेर मिळत नाही : गुडविल. वॉरंटी संपून महिना-दोन महिने झालेत, किंवा एखादी गोष्ट काठावरची आहे, आणि सगळ्या सर्व्हिस वेळेत अधिकृत ठिकाणी झाल्यात, तर कंपनी कधी कधी पार्टची निम्मी किंमत सोडते. मी अशी पत्रं लिहिलीत आणि मंजूर होऊन आलेली पाहिलीत.

तेव्हा तुमच्यापुरतं : शोरूमची घ्या. पण शोरूमनं दाखवलेली ती खरोखर गाडीच्या कंपनीची आहे का, हे आधी तपासा. शोरूमच्या लेटरहेडवर बाहेरच्या कंपनीची वॉरंटी विकली जाते, सेल्समनलाही फरक सांगता येत नाही. प्रमाणपत्रावर हमी कोण देतंय ते वाचा. पैसे भरल्यावर आठवड्यानं सातारच्या किंवा बेळगावच्या एखाद्या अधिकृत वर्कशॉपला फोन करा, चॅसी नंबर सांगा आणि विचारा, "माझी एक्स्टेंडेड तुमच्या सिस्टीमला दिसते का?" दिसली तर कंपनीची. नाही दिसली तर कोल्हापूरच्या शोरूममध्ये जाऊन पैसे परत मागा, आवाज चढवला तरी चालेल.

दुसरं, फुकटातलं. तीन वर्षं संपायच्या आत गाडी एकदा दाखवून या. थंडीत गिअर अडकतो, खड्ड्यात स्टिअरिंगमधून टकटक येते, एसी सिग्नलला कमी पडतो, जे काय असेल ते तुमच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्या. ॲडव्हायझर म्हणेल, "मॅडम, हे नॉर्मल आहे." म्हणू दे. त्याला म्हणा, नॉर्मल आहे असंच लिहा आणि कार्डाची प्रत द्या. उद्या तोच पार्ट गेला तर तक्रार मुदतीतली होती हे कागदावर राहतं. आमच्याकडं या युक्तीला कुणी भीत नव्हतं असं म्हणणार नाही.

आणि हो, किंमत महिनाअखेरीला विचारा. काही ना काही सुटतं.

प्रश्न : साहेब, मी यंत्रमागवाला आहे. एका सेकंडहँड गाड्यांच्या डीलरकडून सहा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही घेतली, ८४ हजार किलोमीटरची. सोबत एका वॉरंटी कंपनीची एक वर्षाची वॉरंटी दिली, गाडीच्या किमतीतच धरून. चौथ्या महिन्यात टर्बो गेला. क्लेम नाकारला, कारण "आधीपासूनचा दोष". डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरला विचारा. टर्बोचे ५८ हजार सांगितलेत. (इचलकरंजी)

उत्तर : तुमच्यासारखं माझंही झालंय, म्हणून आधी माझी फजिती सांगतो. मुलानं पुण्यात जुनी गाडी घेतली, तिच्यावर अशीच बाहेरची वॉरंटी होती. मे महिन्यात सून नातवाला घेऊन कोल्हापूरला आली आणि कराडजवळ एसीचा कंप्रेसर जाम झाला. पोरगं घामानं भिजलेलं. मी लगेच गाडी भाच्याच्या गॅरेजला लावली, कंप्रेसर उतरवला, आणि मग शांतपणे वॉरंटी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पूर्वपरवानगीशिवाय खोललंय, क्लेम बसणार नाही." वर्षानुवर्षं लोकांना जे कलम मी वाचून दाखवलं त्यात मीच सापडलो. मुलगा अजून चेष्टा करतो.

तुमच्याकडं माझ्यापेक्षा चांगली बाजू आहे. तुम्ही परवानगीआधी खोललं नाही, आणि त्यांनी दिलेलं कारण त्यांच्यावरच उलटतं. जुन्या गाडीला वॉरंटी देण्याआधी या कंपन्या गाडीची तपासणी करतात, त्याचा रिपोर्ट बनतो. तो रिपोर्ट लेखी मागा. त्यात टर्बो "ठीक" लिहिला असेल तर चार महिन्यांनी तो आधीपासूनचा दोष कसा झाला? तपासणी केलीच नसेल तर आणखी चांगलं. न बघता हमी विकली, असं लिहून द्या म्हणावं. नकारही लेखी घ्या, कलमाच्या नंबरासकट. फोनवरचा नकार हा नकार नव्हे.

जुना टर्बो कुणाला देऊ नका. पोत्यात बांधून घरी ठेवा, बाईसाहेब रागावल्या तरी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्याचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो, फार प्रचंड वेगानं. तेल वेळेवर बदललं नाही किंवा तेलाची नळी काजळीनं तुंबली की बेअरिंग झिजतं, शाफ्ट हलायला लागतो, मग पंखा घासतो आणि मागून निळा धूर. झीज हळूहळू झाली की एखादी वस्तू आत जाऊन पाती तुटली, हे जाणता मेकॅनिक पार्ट हातात घेऊन सांगू शकतो. तुमच्याशी ज्याचा व्यवहार नाही अशा एखाद्याकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. एक सावधगिरी : हळूहळू झिजल्याचं निघालं तर ते तुमच्याविरुद्धही वापरलं जाईल. म्हणून चार महिन्यांत तुम्ही तेल बदललं असेल तर त्याची पावती शोधून ठेवा. पावती नसेल तर दुकानदाराला आत्ताच्या तारखेची मागू नका, पकडली जाते.

त्यानंतर डीलर आणि वॉरंटी कंपनी दोघांनाही एकच नोटीस, पंधरा दिवसांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं तक्रार नोंदवली की बऱ्याचदा पलीकडून फोन येतो, कारण ती तक्रार कंपनीकडं पाठवली जाते. नाही आला तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली : कंपनीचं ऑफिस मुंबईत असो नाही तर गुरगावात, तुम्ही जिथं राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापुरातच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मोजलेला मोबदला, म्हणजे तुम्ही दिलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तुमच्या बाबतीत वॉरंटी गाडीच्या किमतीत धरलेली आहे, त्यामुळं मोबदला कुठला धरायचा हे वकिलाला विचारा. गाडी कारखान्याच्या नावावर घेतली असेल तर "व्यापारी वापर" असा मुद्दा निघेल, तेही आधीच सांगा.

५८ हजार ऐकून लगेच नवा टर्बो टाकू नका. टर्बोची बाहेरची कवचं शाबूत असतील तर नुसता आतला गाभा, म्हणजे कार्ट्रिज, बदलून काम भागू शकतं आणि खर्च बराच खाली येतो. पण हे सगळे फोटो आणि कागद झाल्यावर. आधी नव्हे, माझ्याकडं बघा.

त्या कंपनीच्या माहितीपत्रकावर "विमा कंपनीचं पाठबळ" असंही लिहिलंय, असं तुम्ही कळवलंत. छान. पॉलिसी कुणाच्या नावावर आहे ते विचारा. वॉरंटी कंपनीनं स्वतःसाठी काढलेली असेल तर विमा कंपनी तुम्हाला ओळखतच नाही, आणि ते पाठबळ तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न : मेव्हण्याच्या मारुतीला तीन वर्षांची वॉरंटी आणि माझ्या मारुतीला दोनच. गाड्या एकाच वर्षातल्या. शोरूमनं फसवलं का? (कागल)

उत्तर : नाही. मारुतीनं जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, आणि वाढीव घेतली तर सहा वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत सोय केली. तुमची गाडी फेब्रुवारीतली, त्याची दसऱ्यातली. गाडी ताब्यात आली त्या दिवशीचा नियम लागू. तुमचं रोजचं चालवणं जास्त दिसतंय, तेव्हा "वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी येईल ते" हे कलम विसरू नका. लोक वर्षं मोजत बसतात आणि वॉरंटी किलोमीटरवर संपते. त्याचा मेसेज येतोच असं नाही.

प्रश्न : माझ्या गाडीची कंपनीच भारत सोडून गेली. कंपनीची वाढीव वॉरंटी कोण देणार? बाहेरची घेऊ का? (गडहिंग्लज)

उत्तर : तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. शेवरोलेच्या गाड्यांची इथली विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्टची सोय ठेवू असं दोघांनीही सांगितलं होतं, पण गडहिंग्लजहून जवळचं वर्कशॉप किती लांब, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. इथं बाहेरची वॉरंटी हाच एक पर्याय राहतो आणि तिचा खरा उपयोगही अशाच ठिकाणी आहे : जिथं कुठल्याही जीएसटीवाल्या गॅरेजचं बिल चालतं. दोनच गोष्टी बघा. पार्ट मिळाला नाही तर काय, याचं कलम आहे का. आणि गाडीचं वय किती वर्षांपर्यंत धरतात. मी असतो तर हप्ता भरण्याऐवजी तेवढी रक्कम वेगळी टाकली असती आणि एक चांगला मेकॅनिक धरून ठेवला असता. पण माझा भाचा मेकॅनिक आहे, तुमचा असेलच असं नाही.

प्रश्न : वॉरंटी असताना उद्यमनगरातल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडून ऑइल बदलून घेतलं तर वॉरंटी खरंच रद्द होते का? शोरूमवाले तशी भीती घालतात. (शाहूपुरी)

उत्तर : यावर देशात मोठी लढाई झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची बाजारपेठ त्यांनी स्वतःपुरती अडवून ठेवली, असा ठपका होता. त्याच आदेशात म्हटलं होतं, की गाडी स्वतंत्र गॅरेजमध्ये नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. त्या गॅरेजच्या चुकीच्या कामामुळं बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. कंपन्या अपिलात गेल्या, काही भाग कमी-जास्त झाला, प्रकरण वरच्या कोर्टांपर्यंत रेंगाळलं.

मला विचाराल तर न्याय तुमच्या बाजूनं आहे आणि तरीही पहिली तीन वर्षं ऑइल अधिकृत ठिकाणीच बदला. उद्या इंजिनचा क्लेम आला की ॲडव्हायझर सिस्टीम उघडतो आणि त्याला तिथं २० हजारांनंतर थेट ४० हजार दिसतं. मधली सर्व्हिस तुमच्या मिस्त्रींच्या वहीत आहे, तीही "ऑइल, फिल्टर, पेंडिंग ३००" अशी. बाहेर करायचंच असेल तर मिस्त्रींकडून छापील जीएसटी बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख आणि ऑइलचा ग्रेड. ते कटकट करतील. माझा भाचाही करतो.

सीएनजी किट, मोठे स्पीकर, जादा हेडलाइट यांचं मात्र ऐकून घ्या. वायरिंगला एक काप गेला की त्या सर्किटवरचे क्लेम नाकारायला कारण मिळतं. आमच्याकडं एका नव्या गाडीचा बीसीएम, म्हणजे दिवे-हॉर्न सांभाळणारा कॉम्प्युटर, जळाला. बॉनेट उघडलं तर मागं बैलगाडीच्या घुंगरासारखे हॉर्न लटकलेले. मी काय करणार होतो?

प्रश्न : पुराचं पाणी किंवा उंदीर, यांना वॉरंटी चालते का? शेताकडंला घर आहे. (प्रयाग चिखली)

उत्तर : कुठलीच नाही, शोरूमचीही नाही आणि बाहेरचीही नाही. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला, या गोष्टी विम्याच्या. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्या अंगणात ओढून आणलेल्या गाड्यांची रांग लागली होती. पाण्यात उभी राहून वाचलेल्या बऱ्याच गाड्या मालकानं घाईनं चावी फिरवल्यामुळं मेल्या : सिलिंडरमध्ये पाणी, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हेही सहसा नाकारतात, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम लागतं. तुमच्या गावाला ते पावसाळ्याआधी घ्याच. आणि पाणी शिरलंय वाटलं तर चावीला हात लावू नका, टोइंगवाला बोलवा. उंदरांसाठी ऊसतोडीच्या दिवसांत बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून बघा. शेत मोकळं झालं की ते घराकडं येतात.

प्रश्न : नवीन गाडी कंपनीच्या वाढीव वॉरंटीसह घेतली आणि चौथ्या वर्षी विकली, तर उरलेली वॉरंटी वाया? (ताराबाई पार्क)

उत्तर : कंपनीची असेल तर साधारणपणे गाडीबरोबर जाते, आरसी नवीन मालकाच्या नावावर झाली की वर्कशॉपमध्ये नोंद करून घ्यायची. बाहेरच्या वॉरंटीत पुष्कळदा मालक बदलला की करार संपतो, किंवा ठरावीक दिवसांत कळवून फी भरावी लागते. विकताना प्रमाणपत्र आणि सर्व्हिसच्या नोंदी फाइलला लावून दाखवा, घासाघीस करणारा जरा खाली येतो. मी गेल्या दिवाळीत स्वतःची गाडी अशीच विकली, पहिल्याच आठवड्यात गेली.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पेट्रोल, साधा गिअर, वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. सून म्हणते वाढीव वॉरंटी घ्या, मनाला शांतता राहील. (मंगळवार पेठ)

उत्तर : गुरुजी, नको. तुमच्या गाडीत जाण्यासारखं महागडं फार काही नाही आणि तुम्ही ते जाऊही देत नाही. ते पैसे पतसंस्थेत ठेवा. तुमच्या गाडीला उभी राहून राहून बॅटरी उतरण्याचा धोका जास्त, आणि बॅटरी या दोन्ही वॉरंट्यांत सहसा नसते. तेव्हा रविवारी सकाळी सुनेला आणि नातवंडांना घेऊन जोतिबापर्यंत एक फेरी मारत जा. नुसतं रंकाळ्याभोवती फिरवून भागणार नाही, अर्धा-पाऊण तास इंजिन चालायला हवं.